तरंगबाबांची पापाची रेघ

भोंगे दणाणले आणि तरंगबाबांचं आसन वीतभर वर उचललं गेलं. जुन्या वखारीत एकच कल्ला उठला. आसनाला चाकं नाहीत, तरी ते गुळगुळीत फरशीवरून पुढे सरकू लागलं. "मी वजनाचा त्याग केलाय!" पोट सुटलेले बाबा गरजले. आसनाभोवती जमिनीपर्यंत जाड झालर होती. तिला हात लावला की हात झडतो म्हणे! मागून भरारा वारा सुटायचा. तो कृपेचा वारा खायला चांगले शिकलेसवरलेले लोक तोंडं उघडी टाकून आसनामागे धावत होते.

विज्ञानाच्या बाईंना या तमाशाची किळस आली होती. त्याहून जास्त भीती वाटत होती. चाकाच्या खुर्चीत बसलेला त्यांचा थोरला भाऊ उद्याचं हृदयाचं ऑपरेशन टाळून इथे आला होता.

"दादा, अरे डॉक्टर म्हणाले, उशीर नको."

"तू गप गं! ज्याने स्वतःचं वजन टाकलं, तो माझ्या छातीवरचं ओझं नाही उतरवणार?"

बाई बघत राहिल्या. बाबा सगळीकडे फिरत, पण वखार धुण्यासाठी मधोमध केलेल्या गटाराच्या रुंद जाळीपाशी हटकून वळत. "ही पापाची रेघ!" ते सांगत. पापालाही राहायला गटारच सापडलं! बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्यांनी दादाची खुर्ची जाळीपलीकडे नेली आणि गळा काढला, "बाबा, माझ्या भावाला उठवत नाही हो! तुम्हीच या!"

"या बाबा, या!" गर्दीने री ओढली. बाबा नको नको म्हणेपर्यंत भक्तांनी आसन मागून रेटलंसुद्धा. जाळीवर येताच झालर फुस्सकन बसली आणि बाबा दाणकन आदळले.

"आई गं! पंखा बंद कर रे गधड्या!" भोंग्यांमागे लपून कळ दाबणाऱ्या चेल्यासाठी दिव्य वाणी प्रकटली.

बाईंनी सरळ झालर वर उचलली. "बघा, झडला का हात? हा पंखा खाली हवा कोंबतो. झालरीत कोंडलेली हवा आसन उचलून धरते, म्हणून ते फरशीला घासत नाही. मागचा पंखा हवा मागे फेकतो, म्हणून आसन पुढे जातं. तोच तुमचा कृपेचा वारा. जाळीतून हवा गटारात गेली, बाबा खाली आले. आणि भोंगे कशाला? पंख्यांची घरघर झाकायला!"

बाबा कंबर धरून कण्हत होते, "डॉक्टरला बोलवा कुणीतरी..."

दादाने ते ऐकलं. त्याची मान खाली गेली. "चल," तो म्हणाला, "उद्याची वेळ अजून मिळते का बघू."

लोकहो, कुणापुढेही डोकं टेकण्याआधी एकदा झालर उचलून बघा. हात झडत नाही.