बत्तिशीतला नवखा

"अहो काका, चकत्या कोण उचलणार?"

आइस हॉकीचा सकाळचा सराव संपला होता. बर्फभर काळ्या रबरी चकत्या विखुरल्या होत्या आणि कप्तान ब्रेडन ऑरेस्टकडे बघून हसत होता. कप्तानाचं वय बावीस, ऑरेस्ट हावरिलुकचं बत्तीस. बत्तिशीतले पुढचे चार दात मात्र त्यानं कधीच हॉकीला वाहिलेले. खालच्या लीगमध्ये बसनं गावोगाव हिंडण्यात उमेद सरत आली, तेव्हा कुणाचा तरी घोटा मुरगळला आणि त्याला विनिपेगच्या मोठ्या संघातून बोलावणं आलं. तेही एका सामन्यापुरतं.

"चकत्या नवख्यांनी उचलायच्या," ऑरेस्ट म्हणाला. "मी नवखा नाही. हंगामाआधी सव्वीस वर्षं पूर्ण झाली की लीग नवखा धरत नाही."

"आधीच्या हंगामात पंचविसाच्या वर सामने खेळला असेल तर धरत नाही ना?"

"तेही आणि हेही. नियम आहे."

"बरं, तुम्ही किती खेळलात?"

"एकही नाही."

"म्हणजे जुने नाही, नवेही नाही. मग आहात तरी कोण?"

"वडीलधारा!" ऑरेस्ट म्हणाला. हशा पिकला. कप्तानानं वाकून स्वतःच चकत्या गोळा केल्या.

दुपारी बायकोला, डार्काला, त्यानं हा विजय फोनवर रंगवून सांगितला.

"छान," ती म्हणाली. "म्हणजे संध्याकाळची एकट्याची फेरीही गेली."

हे ऑरेस्टच्या लक्षातच आलं नव्हतं. पहिल्या सामन्याआधी नवख्याला हेल्मेटशिवाय एकट्याला बर्फावर सोडतात. बाकीचे दारातच थांबून मजा बघतात. खालच्या लीगमध्ये त्यानं शिकवलेली किती पोरं अशी फिरताना त्यानं लॉजमधल्या टीव्हीवर पाहिली होती!

"तुझ्या आईला घेऊन येतेय मी. तिला काय दाखवू, नियम?" डार्का कडाडली. "जा, माग ती फेरी त्या कप्तानाकडे!"

संध्याकाळी सगळे बर्फाकडच्या दाराशी रांगेत उभे राहिले. ऑरेस्ट कप्तानाजवळ सरकला.

"ब्रेडन, मी नवखा आहे."

"आणि सव्वीस?"

"उलटली. पण पहिला सामना आहे रे माझा."

या वेळी कप्तान हसला नाही. त्यानं ऑरेस्टच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं आणि बाजूला झाला. "व्हा पुढे."

दिव्यांखाली टक्कल चकाकलं. "पंच आहे का हा?" प्रेक्षकांत कुणीतरी विचारलं.

"नवरा आहे माझा!" डार्का ओरडली. शेजारी सासूबाई दोन्ही हातांनी रुमाल हलवत होत्या. आधी त्यांच्या रांगेतले लोक उठले, मग मागचे.

दोन फेऱ्या झाल्या. दारातून कप्तानानं हात केला. संघ बाहेर यायला तयार होता. ऑरेस्टनं ते पाहिलं. त्याला चांगलीच धाप लागली होती. त्यानं मान फिरवून तिसरी फेरी धरली, आणि पुढच्या वळणावर वेग आणखी कमी केला.