असमाधानाला जागा नाही

कचरा उचलायचं काम नगरपालिकेनं एका ठेकेदाराला दिलं आणि लोक खूश आहेत का, हे विचारायचं काम त्याच्या साडूला. या साडूच्या कार्यालयात ती नोकरीला लागली. हातात टॅबलेट, गळ्यात ओळखपत्र, दिवसाला चाळीस घरं.

तिसऱ्या आठवड्यात यादीत तिचंच घर आलं. तिनं सासूबाईंना समोर बसवलं आणि कचरागाडीबद्दल आपण किती समाधानी आहात, असं रीतसर विचारलं. पर्याय तीन होते: समाधानी, फार समाधानी, अत्यंत समाधानी.

सासूबाईंची हयात प्रसूतिगृहात आयाचं काम करण्यात गेलेली; त्यांना गुंडाळणं सोपं नव्हतं. गाडी नऊ दिवस फिरकलेली नाही, असं त्यांनी सांगितलं. सून अगदी काकुळतीला आली, निदान पहिला पर्याय तरी घ्या म्हणाली.

"माझ्या तोंडी भलतं घालू नकोस," सासूबाई म्हणाल्या. "नाही म्हणजे नाही, असं लिही."

तसं लिहायला जागाच नव्हती. शेवटी तिनं 'इतर सूचना'मध्ये ते जसंच्या तसं टाकलं.

दुसऱ्या सकाळी गाडी थेट त्यांच्या दारात आली. माणसांनी त्यांची एकच बादली रिकामी केली, सासूबाईंचा फोटो काढला आणि शेजारचे भरलेले डबे तसेच ठेवून ते निघून गेले. शेजारणींनी आधी सासूबाईंशी अबोला धरला. खरा प्रकार कळल्यावर मात्र आम्हालाही असमाधानी लिही म्हणून सगळ्या सुनेमागे लागल्या. दुपारपर्यंत तिनं एकतीस तक्रारी भरल्या. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच तिला काम करताना मजा आली.

साहेबांनी, म्हणजे ठेकेदाराच्या त्या साडूनं, तिला बोलावून घेतलं. ते चिडले नाहीत, उलट चहा पाजला. तुमची गल्ली अपवादात्मक असल्यानं यादीतून वगळली आहे, असं त्यांनी समजावलं. शहराचं समाधान आता अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गेलं होतं.

"आणि कचरा?" तिनं विचारलं.

"तो आपला विभाग नाही."

तिनं घरी येऊन हे सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला सासूबाई त्या एकतीस बायकांना घेऊन कार्यालयात पोचल्या आणि साहेबांच्या दाराशी बादल्यांची रांग लावली. साहेबांनी नाकाला रुमाल धरून ठेकेदार साडूला फोन केला. वीस मिनिटांत गाडी हजर.

तेव्हापासून गाडी रोज येते, पण कार्यालयापर्यंतच. बायका बादल्या तिथंच नेतात. वार्षिक अहवालात हा प्रकार 'नागरिकांचा उत्स्फूर्त सहभाग' या मथळ्याखाली, सासूबाईंच्या फोटोसकट छापला आहे.