कोऱ्या कागदावर अर्धा तास

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. किती जुनी ते विचारू नका. माझ्या बरोबरीच्या बहुतेकींचा आता चुरा झाला आहे. मी काही रडगाणं गायला आलेली नाही. पण मला तोंड नसल्यामुळे एकदा माझ्यावर जीव जायची पाळी आली, ती हकिकत सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

जाड पत्रा, गोल दिवे, तोऱ्यात चालणं, अशी मी कारखान्यातून बाहेर पडले. पहिल्या मालकाने मला मिरवलं, दुसऱ्याने मरमर राबवलं. तिसरे आमचे काका. काका दवाखान्यात कंपाउंडर होते. चाळीस वर्षं औषधाच्या बाटल्या भरल्या, त्यामुळे उघडं तोंड दिसलं की हात आपोआप बुचाकडे जायचा. रोज सकाळी मला पुसताना म्हणायचे, "काय म्हातारे, झोप झाली का?" आणि मी खूश!

काकूंचे गुडघे कामातून गेले होते. बसची पायरी त्यांना चढवत नव्हती. त्यांची थोरली बहीण गावाच्या दुसऱ्या टोकाला अंथरुणाला खिळलेली. ती दुसऱ्या कुणाला अंगाला हात लावू देत नसे. म्हणून दर गुरुवारी काकू माझ्यात बसून तिला आंघोळ घालायला जात. मी बंद पडले असते तर ते जाणंही बंद पडलं असतं.

आता ऐका. माझ्या इंजिनातली वाफ बाहेर सोडणारी एक नळी आहे, पार मागच्या सांदीत. तिच्यातून तेलकट धूर येतो म्हणून काकांनी एकदा तिच्या तोंडात रबरी बूच ठोकलं आणि वरून तार आवळली. "झालं! आता हिला वास यायचा नाही," म्हणाले. मायेनंच केलं हो! पण माझा श्वास कोंडला. आतली वाफ वाट शोधू लागली आणि जिथे जिथे जोड होता तिथून तेल बाहेर ढकलू लागली. फरशीवर डाग पडायला लागले.

त्याच सुमारास जुन्या गाड्यांची तपासणी सुरू झाली. फेरी मारून यायचं, इंजिन चालू ठेवायचं, खाली कोरा कागद, अर्धा तास. डाग पडला की नापास. तीनदा नापास झाली की गाडी थेट भंगारात. आणि मी दोनदा नापास झाले! शेवटची तारीख गुरुवारची होती.

काकूंचा धाकटा भाऊ मेकॅनिक. त्याने खालचं पॅकिंग बदललं, मागचं सील बदललं, बोल्ट इतके आवळले की माझा जीव कळवळला. तरी तेल टपटपतच होतं. बुधवारी सकाळी मात्र त्याने इंजिन धुऊन कोरडं केलं आणि काकूंच्या पावडरचा अख्खा डबा त्यावर शिंपडला.

"भावोजी, पावडर आधी जिथे भिजेल, तिथेच चोर," तो म्हणाला. "करा चालू."

काकांनी किल्ली फिरवली. वर भिजलं, बाजूला भिजलं, खाली भिजलं, सगळं एकदमच! त्याने कपाळावर हात मारला. "आता मात्र हात टेकले. एक जोड गळेल, दोन गळतील. सगळेच कसे गळतात?"

अहो, मागे बघा, मागे! मी किती थरथरले, पण माझी थरथर कोण वाचणार?

काकू खुर्चीत बसून सगळं बघत होत्या. "अरे, कुकरची शिट्टी अडकली की कडेने पाणी उडतं, तसलं दिसतंय हे. हिची वाफ जाते कुठून?"

मेकॅनिक पालथा होऊन मागच्या सांदीत हात घालून चाचपू लागला. तार सुटली. बूच निघालं. फुस्स! किती दिवसांनी मी मोकळा श्वास घेतला!

"हे कुणी घातलं?"

काकांचा चेहरा उतरला. "मीच." एवढंच बोलले आणि मान खाली घातली.

दिवसभर दोघांनी मिळून नवी पॅकिंग बसवली. बोल्ट या वेळी हलक्या हाताने.

गुरुवारी तपासणीच्या कचेरीत माझ्याखाली कागद पसरला. दहा मिनिटं गेली. वीस गेली. तेवढ्यात खालच्या एका बोल्टाशी कुठलंसं राहिलेलं जुनं तेल जमलं आणि त्याचा थेंब लोंबू लागला. काकांनी पटकन फडकं काढलं.

"हात लावायचा नाही," तपासनीस बाई म्हणाल्या.

काकूंनी भावाचं मनगट घट्ट धरलं. थेंब फुगला. मी अंग चोरून उभी होते. धडधड सुरूच, आणि थांबवणं माझ्या हातात नाही. पंचवीस. अठ्ठावीस. थेंब हलत होता, पण सुटत नव्हता. बाईंनी घड्याळ पाहिलं, वाकून कागद ओढून घेतला आणि उजेडात धरला. कोरा!

"पास," त्या म्हणाल्या. "दोनदा नापास झाली होती ना? दोष कुठे होता?"

मेकॅनिकने तोंड उघडलं, पण काका पुढे झाले. "दोष गाडीचा नव्हता, बाई. माझा होता. उगीच शिव्या खाल्ल्या बिचारीने." आणि सगळ्यांसमोर त्यांनी माझ्या टपावर हात ठेवला. मला भरून आलं, खोटं कशाला बोलू?

"अहो, चला आता," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "ताईच्या आंघोळीचं पाणी निवत असेल."

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जरूर जपा. पण आमच्यापैकी कुणी गळू लागलं, कुरकुरू लागलं, की लगेच आवळायला धावू नका. क्षणभर थांबा आणि आत काय कोंडलंय ते बघा. आपल्याच मायेच्या हाताने काही बंद झालं असेल, तर ते कबूल करायला लाजू नका. काका त्या दिवशी लाजले नाहीत, आणि मीही काकूंना वेळेवर पोचवलं.