दोनशे बारा टनांचा खांब

माणसाने उभारलेल्या प्रत्येक वास्तूचा भार शेवटी खांबावर येतो. निदान अभियांत्रिकीच्या एका व्याख्यात्यांच्या पीएच.डी.च्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तरी तसं छापलं होतं. प्रत्यक्षात गेली कित्येक वर्षं सगळा भार त्यांच्या बायकोवर होता.

प्रबंधाचा विषय होता काँक्रीट भरलेली पोलादी नळी. अशा खांबात नळी काँक्रीटला फुगू देत नाही आणि काँक्रीट नळीला आत वाकू देत नाही. संसार याहून वेगळा काय असतो, असं व्याख्याते एकदा कौतुकाने म्हणाले होते. तेव्हा बायकोने विचारलं होतं की यातलं काँक्रीट कोण.

असा खांब किती वजनाला मोडेल, हे त्यांचा संगणक सांगे. जगभर मोडलेल्या शेकडो खांबांची माहिती त्यांनी त्याला घासाघासाने भरवली होती. नव्या खांबाबद्दल विचारल्यावर त्याने सांगितलं, दोनशे बारा टन. गाइडनी आपल्या जुन्या सूत्राने एकशे पासष्ट काढले होते. एवढी तफावत पाहून ते म्हणाले होते, की आकडा काय, ज्योतिषीही देतो.

महिनाअखेरीला गाइड निवृत्त होणार होते. संगणक चुकला तर नवा गाइड, नवा विषय आणि पुन्हा श्रीगणेशा. तसं झालं तर आपण माहेरी जाऊ आणि प्रबंध पोस्टाने मागवू, असं बायकोने शांतपणे सांगून ठेवलं होतं.

चाचणीच्या दिवशी खांब यंत्राच्या दोन जबड्यांत उभा केला. व्याख्याते यंत्राला पाठ टेकून उभे राहिले. आकडा चढू लागला. दीडशे झाले, खांब हूं की चूं करेना. एकशे पासष्ट ओलांडले तेव्हा गाइडनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता. एकशे नव्वदला नळीवरच्या रंगाचा एक पोपडा उडाला आणि व्याख्यात्यांनी डोळे मिटून घेतले.

दोनशेला यंत्राने एकदा शिट्टी मारली आणि ते बंद पडलं. खांब उभाच.

यंत्राच्या चालकाने बटण पुन्हा दाबून पाहिलं. मग गाइडनी व्याख्यात्यांना खांद्याला धरून बाजूला सरकवलं. जिथे ते टेकले होते तिथे पितळी पाटी होती: कमाल भार दोनशे टन. खांबाची ताकद दोन पद्धतींनी मोजून झाली होती. यंत्राची विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, आणि प्रयोगशाळेचे प्रमुख गाइडच होते.

गाइडनी पाटी दोनदा वाचली.

"खांबाने तुम्हाला खोटं पाडलं नाही," ते म्हणाले. "मला पाडलं. सही कुठे करायची?"

व्याख्यात्यांना एकदम भूक लागली. बाहेर येऊन त्यांनी घरी फोन केला.

"मोडला का?" बायकोने विचारलं.

"नाही. यंत्रच थकलं."

"म्हणजे आनंद करायचा की नाही, तेवढं सांगा."

"करायचा."

पलीकडून एक लांब सुस्कारा आला, आणि मग तिने सांगितलं की आता येताना भाजी आणायला हरकत नाही.

पदवी मिळाली. खांब किती टनांना मोडतो, हे अजून कुणालाच माहीत नाही. तो हलवायला जड म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातच आहे आणि चालक त्यावर डबा ठेवतो.