अंकिताच्या वाटणीचं गोड पाणी

विजयमालेची नणंद अर्जुनाआत्या माहेरच्या घरी सोप्यात शेंगा फोडत बसली होती. राणीनं धारा काढायला जाता जाता औषधाच्या पाण्याचा पेला सासूच्या, विजयमालेच्या हाती दिला. ते राणीच्या लेकीला, अंकिताला उपाशीपोटी पाजायचं आणि पुढचे पाच तास तिची सगळी लघवी डब्यात धरायची, असं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. त्या पाण्यातल्या दोन साखरा लघवीत किती उतरतात, यावरून पोरीचं आतडं झिजून गळतंय का ते कळणार होतं. तीन वर्षांची अंकिता नऊ किलोवर अडकली होती. तिचा जुळा भाऊ शिवतेज मात्र गुटगुटीत.

थोड्या वेळानं विजयमालेला पदरानं शिवतेजचं तोंड पुसताना आत्यानं पाहिलं. तिला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

राणीनं पाच तास थेंब वाया जाऊ दिला नाही. डबा घेऊन ती कडेगावातून एसटीनं सांगलीला गेली. इकडं शिवतेजला ढाळ लागले, तर आजीनं त्याची दृष्ट काढली.

आठ दिवसांनी राणी, विजयमाला आणि आत्या तिघी निकालाला गेल्या. लघवीत साखरेचा मागमूस नव्हता. आतडं धड असलं तरी एक साखर उतरतेच, म्हणजे पोरीनं औषध प्यायलंच नाही, असं बाई म्हणाल्या. राणी सासूकडं वळली.

"गोड हुतं, पोरानं हात केला," विजयमाला म्हणाली. "पोरीला तेवढंच साधं पाणी पाजलं की मी."

मग बाईंनी दूध-अंड्याचंही विचारलं. तेही आधी शिवतेजला, उरलं तर अंकिताला. अशा उपासमारीनंच आतडं झिजतं, असं बाईंनी सांगितलं.

आत्याला तिचं लहानपण आठवलं. सत्तर वर्षांपूर्वी त्याच घरात तिची धाकटी बहीण अशीच वाळत गेली होती. साय भावाला, पाण्यासारखं ताक पोरींना. बहीण गेली तेव्हा आई म्हणाली, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. साऱ्या भावकीनं माना डोलावल्या. अर्जुनानंही ते खरं मानलं, आणि पुढं स्वतःच्या हातानं भावाच्या वाटीत साय घालत राहिली.

"अंगी लागायला आधी तोंडात पडावं लागतं, विजयमाला."

"तुमीबी असंच वाढत आलायसा न्हवं, वन्सं?"

"व्हय. एक पोर मातीत घातली आमी तसं वाढून. आता न्हाई."

पुढच्या आठवड्यात बाईंनी पुन्हा औषध दिलं. या वेळी पेला आत्यानं धरला. अंकिता घोटाघोटानं पिऊ लागली तसा शिवतेजनं गळा काढला.

"एक घोट तरी द्या की त्याला, वन्सं. लय रडतंय," विजयमाला कळवळली.

त्या घरात पोरगा रडला की हातातलं सोडून बाया धावत, आत्याही धावली होती. आज ती जागची हलली नाही. पेला रिकामा होईतो तिनं त्याला रडू दिलं.