धनसिंगाची गोफन

"काहून जी, आजबी दात दुखते का?" लालीबाईनं भर सभेत नवऱ्याच्या बरगडीत कोपर खुपसलं.

धनसिंगानं भाकरीची थाली तशीच पुढं सरकवली. आइका गड्याहो, बोरी अरबच्या पल्याडचा तांडा, अठ्ठावन सालची गोठ. अर्धा तांडा नवाच येशूच्या वाटेले लागलेला. महिन्याले एकदा निंबाखाली प्रभुभोजन, येशूच्या आठवनीत एकाच थालीतली भाकर साऱ्यायनं खाची. पाळकबाबाची अट एकच: "भावाचं मन दुखावलं असन त पहिले त्याले सांगा, मंग घास घ्या."

आता दात कायचा! घास टाळाचा बहाना. मागच्या हुरड्यात धनसिंग मचानावरून पाखरं हाकलत होता. गोफन फिरवली, गोटा सुटला, आन बांधावर नेमसिंगाच्या बैलाचा डोया फुटला! धनसिंग मचानावरच आडवा पडला, मुकाट. नेमसिंगानं धरलं गुराख्याले, उकंड्याले. "तूच काठी हानली!" उकंडा रडला, बोंबलला, कोन आइकते? लोकायनं राखाले देल्लेली ढोरं काढून घेतली, त्याची ठरलेली सोयरीक मोडली, लेकरं त्याले 'डोयेफोड्या' म्हनाले लागले. धनसिंगबी एकदा हासला त्या नावावर. थेच हासनं त्याच्या गयात काट्यावानी रुतून बसलतं. यंदा थो पाखरं टिनाचा डबा बडवून हाकले.

"कोनाले काही बोलाचं हाय?" पाळकबाबानं इचारलं.

धनसिंग उठला.  समोरच उकंडा बसलेला.

"मी... नेमसिंगाचे लिंबू चोरले."

लोकं हासले.

"मी लालीले शिव्या देतो."

"थे त साऱ्या तांड्याले ठाऊक हाय!" लाली म्हने. पुन्हा हासं.

खरी गोठ जिभेवर ये, आन अडेल वासरावानी दारातूनच मागं फिरे. शेवटी त्यानं सदऱ्याखालून गोफन काढली, उकंड्याच्या पायापाशी ठेवली.

"बैल... मह्या गोट्यानं."

 उकंडा उठला, गोफन उचलली, मुठीत आवयली. धनसिंगानं मान खाली घातली. पडू दे फटका.

"तू हासलता, धनसिंग. मी पाह्यलं."

"हासलो."

उकंड्यानं गोफन खाली ठेवली. मंग खाली बसला, थाली ओढली, भाकर मोडून त्याच्यापुढं धरली.

"प्रभूनं सोताले वैऱ्याच्या हाती धरून देनाऱ्या चेल्यालेबी घास देल्ला. मी कोन अडवनारा? पन उद्या नेमसिंगाकडं चालाचं, आन तोंडानं सांगाचं. गोफन नाही बोलनार तिथं."

"येतो."

"त खा मंग. उपाशी पोटानं खरं बोलवत नाही मानसाले."

धनसिंगानं तुकडा तोंडात घातला. डोये गयाले लागले.

लालीनं हळूच इचारलं, "दुखते का जी?"

"दुखते व," थो म्हने, आन चावत राह्यला.