कुजबुजता मोर्चा

गावात त्याला सगळे रेडिओ म्हणत. धंद्यानं न्हावी. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याची कात्री आणि तोंड एकदमच सुरू होई, आणि कात्री थांबली तरी तोंड थांबत नसे. अर्धवट दाढी झालेली माणसं घड्याळाकडे बघत बसत आणि हा वस्तरा हवेत धरून कुणाच्या तरी मेहुण्याच्या लग्नाची हकिकत रंगवत असे. तरी गिऱ्हाईक तुटत नव्हतं, कारण हात हलका होता.

मंगळवारी मात्र तो दुकान बंद ठेवून टेकडीखालच्या शुश्रूषागृहात जाई. बारा खाटांचं ते घर. तिथं आलेला माणूस बरा होऊन परत जाणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असे. निदान उरलेले दिवस दुखल्याखुपल्याशिवाय जावेत म्हणून तिथली माणसं राबत. रेडिओ तिथं फुकट दाढ्या करी. आणि तिथं तो चक्क कुजबुजत असे. थोरल्या सिस्टरांचा नियमच होता: तुमचा आवाज शेजारच्या खाटेपर्यंत गेला, तर तुम्ही बाहेर. भल्याभल्यांना त्यांनी बाहेर काढलं होतं. एकदा तर डॉक्टरांनाच.

गेले दोन महिने नऊ नंबरच्या खाटेवर रेडिओची आक्का होती. आईवडील लवकर गेले तेव्हा आक्का सतरा वर्षांची आणि हा पाच. तिनं तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली आणि याला वाढवलं. दुकानातली पहिली खुर्चीही तिनंच घेऊन दिली. आता तिचे थोडे दिवस उरले होते. डॉक्टरांनी दोघांनाही वेगवेगळं बोलावून तसं सांगितलं होतं, पण त्या विषयावर बहीणभावांत एक शब्द झाला नव्हता. गावभरच्या बातम्या सांगणारा हा माणूस त्या एका बातमीला हात लावत नव्हता.

अशात पालिकेचं पत्र आलं. अनुदान निम्म्यावर. बारापैकी सहा खाटा महिनाअखेर बंद, आणि त्यांवरच्या रुग्णांना मोठ्या सरकारी दवाखान्यात हलवायचं. बंद व्हायच्या खाटा सात ते बारा.

पत्र वाचून रेडिओच्या पायाखालची जमीन सरकली. मोठ्या दवाखान्यात शंभर खाटांना दोन नर्स. आक्काला कुशीवर वळवायचं तर खांद्याखाली हात घालून दमादमानं वळवावं लागे, नाहीतर ती ओठ चावून डोळे मिटून घेई. ते तिथं कोण करणार होतं?

"मोर्चा काढू," तो म्हणाला.

"काढा. पण इथं गोंगाट नको," थोरल्या सिस्टर म्हणाल्या.

बघता बघता चाळीस माणसं जमली. कुणाची आई तिथं गेली होती, कुणाचा नवरा. बेकरीवाला आला, त्याच्या बापाचे शेवटचे सहा आठवडे तिथं गेले होते. रुग्णांना पुस्तकं वाचून दाखवणाऱ्या शाळेतल्या जुन्या बाई आल्या आणि पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना उंचीप्रमाणे उभं केलं. पुढारी कोण, यावर चर्चाच झाली नाही. ज्याचं तोंड बारा महिने चालतं, त्याच्याशिवाय घोषणा कोण देणार?

आता तालमीचा प्रश्न आला. आक्का म्हणाली, "मोर्चा माझ्या खाटेसाठी ना? मग तालीम माझ्यासमोर करायची." तिचा शब्द मोडायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सिस्टरांनीही होकार दिला, फक्त एका अटीवर. अट कुठली ते सांगायला नकोच.

तेव्हा रोज दुपारी चार वाजता जेवणाच्या खोलीत तालीम सुरू झाली. आक्का चाकाच्या खुर्चीत, मांडीवर गोधडी, हातात चमचा. चमचा वर गेला की रेडिओ कुजबुजायचा, "आवाज कुणाचा?" आणि चाळीस माणसं एका सुरात कुजबुजायची, "बारा खाटांचा!"

"कोण म्हणतं देणार नाही?"

"घेतल्याशिवाय राहणार नाही!"

सगळं अगदी ओठांच्या कडेनं. मुठी मात्र जोरात वळायच्या. आक्का भलती कडक निघाली. "बेकरीवाले, तुम्ही मागे पडताय," ती म्हणायची. "आणि बाई, 'घेतल्याशिवाय'वर जोर हवा. परत एकदा." आठवडाभरात घोषणा अशा बसल्या की चाळीस तोंडांतून एकच श्वास बाहेर पडावा. पलीकडच्या खोलीतल्या माणसाची झोपही मोडली नाही. आपण नेमकं काय पाठ करतोय, हा विचार चाळिसांतल्या एकाच्याही डोक्यात आला नाही.

मोर्च्याच्या दिवशी सकाळी अकरा वाजता मंडळी पालिकेच्या अंगणात दाखल झाली. फलक वर गेले. रेडिओनं छाती भरून घेतली, मूठ उगारली आणि सगळी ताकद लावून घोषणा दिली.

"आवाज कुणाचा?"

निघाली ती कुजबुज. मागून तितक्याच हळू, तितक्याच सुरात उत्तर आलं, "बारा खाटांचा!"

रेडिओ दचकला. घसा खाकरून त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. मागं वळून बघावं तर तालमीतले तेच चाळीस चेहरे होते. ते दिसले की आवाज आपोआप खाली बसत होता. बाईंनी तीस वर्षं वर्गांवर ओरडण्यात घालवली होती, त्यांनाही जमेना. बेकरीवाल्यानं ओरडायचा प्रयत्न केला तर त्याला ठसका लागला, आणि तोही त्यानं रुमालात दाबून घेतला. सवय वाईट.

दारावरचा शिपाई पुढं आला. चाळीस माणसं, पडलेले चेहरे, ओठ पुटपुटताहेत. त्यानं टोपी काढली. "शोकसभा मागच्या सभागृहात आहे," तो हळूच म्हणाला.

"अहो, मोर्चा आहे हा!" रेडिओ कुजबुजला.

"असं होय," शिपाईही कुजबुजला. "मग चालू द्या."

त्या कचेरीला मोर्च्यांचं काही नवल नव्हतं. दर आठवड्याला एक यायचा. बाहेर आरडाओरडा सुरू झाला की आत खिडक्या लावून घ्यायच्या आणि चहा मागवायचा, अशी तिथली पद्धत. आज खिडक्या लावल्या, चहा आला, पण ओरडा काही येईना. एका कारकुनाला राहवलं नाही. त्यानं खिडकी किलकिली केली. खाली माणसं तोंडं हलवत होती आणि ऐकू काही येत नव्हतं. त्यानं दुसऱ्याला बोलावलं. काय म्हणताहेत ते कळावं म्हणून कुणीतरी पंखा बंद केला, कुणी टायपिंग थांबवलं. अर्ध्या तासात सगळी कचेरी खिडक्यांशी कानामागे हात धरून उभी. कर भरायला आलेली माणसंसुद्धा रांग सोडून आली.

आत आरोग्य समितीचे अध्यक्ष बैठकीत होते. आपल्या कचेरीत इतकी शांतता त्यांनी कधी ऐकली नव्हती. काहीतरी भयंकर घडलंय अशा समजुतीनं ते धावतच बाहेर आले, मागोमाग समितीचे सभासदही.

"काय चाललंय? मोठ्यानं बोला!"

रेडिओनं तोंड उघडलं. लिहून आणलेलं भाषण खिशात होतं, पण हे असलं भाषण कुजबुजून कसं करणार? तेव्हा तो सरळ पुढं गेला आणि दुकानात गिऱ्हाइकाच्या मागं वाकतो तसा अध्यक्षांच्या कानाशी वाकला.

"माझी आक्का नऊ नंबरला आहे. तिला वळवताना खांद्याखाली हात घालावा लागतो. ते तिथल्या सिस्टरांना माहीत आहे. मोठ्या दवाखान्यात मी कुणाला सांगू? ती स्वतः सांगणार नाही. दुखलं तर गप्प बसते ती." मग थांबून म्हणाला, "तिला तिच्या त्याच खाटेवर जाऊ द्या हो, साहेब."

दोन महिन्यांत ते वाक्य त्यानं पहिल्यांदाच उच्चारलं होतं. स्वतःच्याच तोंडून ऐकून तो गडबडला.

अध्यक्षांकडे अशा वेळचं ठरलेलं उत्तर होतं: निधीची मर्यादा, व्यापक जनहित, सहानुभूतीपूर्वक विचार. सभेत ध्वनिक्षेपकावर ते छान दुमदुमायचं. त्यांनी तेच सुरू केलं, पण कानाशी कुजबुजलेल्या गोष्टीला कुणी ओरडून उत्तर देत नाही. त्यांचाही आवाज खाली आला. "निधीची मर्यादा..." ते कुजबुजले आणि अडखळले. हळू आवाजात ते वाक्य इतकं लटकं वाटत होतं की त्यांनाच लाज वाटली. तोवर बेकरीवाल्यानं समितीच्या दुसऱ्या सभासदाचा कान पकडला होता, म्हणजे बोलायला, आणि बाईंनी तिसऱ्याचा. तो त्यांचाच जुना विद्यार्थी निघाला आणि हात मागं बांधून उभा राहिला.

तासाभरानं लेखी आदेश मिळाला. एक वर्ष एकही खाट हलणार नाही. चाळीस माणसांनी जल्लोष केला. शिपाई सोडून तो कुणालाच ऐकू गेला नाही.

रेडिओ धापा टाकत शुश्रूषागृहात पोचला. आक्का उशांना टेकून वाटच बघत होती. त्यानं सगळी हकिकत शिपायाच्या टोपीपासून सांगितली. ती हसली, खोकली, पुन्हा हसली. हसताना तिला दुखत होतं आणि तरी ती हसत होती.

"आणि मिळालं किती?"

"वर्षभर! लेखी!" त्यानं कागद तिच्यासमोर धरला.

आक्कानं कागद शांतपणे वाचला, घडी घालून त्याच्या हातात परत दिला.

"वर्षाचं मी काय करू रे?" ती म्हणाली. "मला पंधरा दिवस पुष्कळ झाले."

रेडिओनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

"गप. मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. तू कामगिरी फत्ते केलीस. मी इथून हलणार नाही, एवढंच हवं होतं मला. माझ्यानंतरचं वर्ष दुसऱ्या कुणाला तरी होईल."

"कुणाला?" त्यानं विचारलं. प्रश्न वेडगळ होता, पण दुसरं काही सुचलं नाही.

"मला काय ठाऊक? येईल कुणीतरी. तू दाढी करायला येशीलच मंगळवारी. त्याला सांग, ही खिडकी अर्ध्यावर अडकते. ओढायची नाही, जरा वर उचलून ढकलायची. मला कळायला तीन आठवडे लागले."

"सांगतो," रेडिओ म्हणाला.

मग त्याला रडू फुटलं, आणि ते काही कुजबुजीत मावणारं नव्हतं. पार बाराव्या खाटेपर्यंत ऐकू गेलं. थोरल्या सिस्टर लगबगीनं दारात आल्या, आत बघितलं, आणि बाहेरून दार लोटून घेतलं.